पैऱ्यावर उभं राहिलेलं घर

पुण्याला परतल्यापासून आळीतल्या बायका मला विचारताहेत, "कोल्हापूरकडे जाऊन काय काय पाहिलंत?" अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्याचा वारा खाल्ला, हे मी आधी सांगून टाकते, म्हणजे त्यांचं समाधान होतं. पण या दोन गोष्टींना मिळून अर्धा दिवस पुरला. उरलेली सगळी रजा आम्ही चिखलात घालवली. ज्यांना चिखलात रस नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं, माझा राग नाही.

जायचं कारण आमच्या वन्सं. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. हे त्यांना अक्का म्हणतात. वयाच्या सोळाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, तेव्हा सासर-माहेर दोन्हीकडे कोपऱ्यात बसायची सोय होती. त्या बसल्या नाहीत. शिकल्या, कुरुंदवाडला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि इतकी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यानं गुढीपाडव्याला खोल्या मागितल्या होत्या. वन्संनी गावाच्या कडेला एक जागा घेऊन ठेवली होती. तिथं घर बांधायला काढलंय, असं त्यांचं पत्र आलं. पत्र वाचता वाचता यांचा चेहरा उतरला, कारण घर मातीचं होतं.

"माती! या जमान्यात! अक्काचं डोकं फिरलंय," हे म्हणाले.

मग यांनी बेत आखला. आधी कोल्हापूरला जाऊन एखाद्या कंत्राटदाराला पक्क्या घराचा खर्च विचारायचा. अक्काच्या शिलकीत बसत असेल तर ठीक. नाहीतर जागा विकायची आणि अक्काला पुण्याला घेऊन यायचं. त्यांचं सामान भरायला एक रिकामी ट्रंकही बरोबर घेतली. आमच्या घरात पोटमाळ्याखाली एक कोपरा आहे, तिथं मी चटया आणि जुने डबे ठेवते. तो झाडून ठेवायला यांनी मला सांगितलं आणि मी झाडला.

झाडताना मात्र माझं मन खट्टू झालं. वन्सं मला नकोशा आहेत म्हणून नव्हे. त्या आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाण्या आहेत. पण दुसऱ्याच्या घरातल्या कोपऱ्यात राहणं म्हणजे काय, हे मी लहानपणी मामांकडे राहून पुरतं अनुभवलंय. तिथं माणूस चहासुद्धा विचारून पितो. मनातल्या मनात मी देवाला म्हटलं, हा कोपरा रिकामाच राहू दे.

कोल्हापूर

कंत्राटदाराची खोली शिवाजी पेठेत एका तालमीच्या माडीवर होती. खाली पैलवान घुमत होते, त्यामुळे तो प्रत्येक वाक्य ओरडूनच बोलत होता. नंतर कळलं की तालीम नसती तरी तो ओरडूनच बोलला असता. इथं सगळेच तसं बोलतात, आणि त्यात राग नसतो.

"बसा की पावणं! दोन खोल्या आनि सैपाकघर? सोप्पं हाय!" तो म्हणाला. "निस्तं सिमेंट मिळू द्या. आता सिमेंट हाय परवान्यावर. अर्ज करायचा. मंजूर झाला तर नंबर लागनार. नंबर लागला तर माल येनार. आला तर आपलाच, न्हाय आला तर पुढच्या खेपंला!"

"आणि खर्च?" यांनी विचारलं.

"पाच हजाराच्या आत हात घालू नका. त्यात कुंपान न्हाय, मोरी न्हाय."

वन्संची सगळी पुंजी दीड हजाराच्या आसपास होती. जिना उतरताना हे म्हणाले, "सुटला प्रश्न. अक्का पुण्याला येते." बाहेर पडल्यावर आम्ही एका हॉटेलात मिसळ मागवली. पहिल्याच घासाला यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मालक शेजारी येऊन उभा राहिला आणि मायेनं म्हणाला, "आजून कट घालू काय?" आमच्याकडे पाहुण्याला ठसका लागला तर पाणी देतात, इथं आणखी रस्सा विचारतात.

कुरुंदवाड

एस.टी.नं नरसोबाच्या वाडीपर्यंत आणि तिथून नावेनं पंचगंगा ओलांडून आम्ही कुरुंदवाडला पोचलो. वन्सं काठावर उभ्या होत्या. मी त्यांना चार वर्षांनी पाहत होते. आधी ओळखलंच नाही. रंग रापला होता, दंड भरले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा त्यांचा तळवा मला खरखरीत लागला. खडू धरून हात असे होत नाहीत एवढं माझ्या ध्यानात आलं, पण विचारायला वेळ नव्हता. त्यांनी आम्हांला खोलीवर न नेता सरळ जागेवर नेलं.

जागा चढावर होती. दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव, पुराचं पाणी सखल आळ्यांत शिरतं, म्हणून वन्संनी थोडी लांब पण उंच जागा घेतलेली. काळ्या दगडांचं जोतं तयार होतं आणि त्यावर भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. मी काळपट, ओबडधोबड काहीतरी मनात धरून आले होते. पण भिंती फिकट होत्या, जाड होत्या आणि हात फिरवला तर गार लागत होत्या.

भिंतीवर एक दाढीवाला माणूस लाकडी थापी घेऊन बसला होता. हे रसूल मेस्त्री. त्यांच्या चार पिढ्या गावात गवंडीकाम करत आलेल्या, आणि ही गोष्ट त्यांनी आम्हांला पहिल्याच वाक्यात सांगितली.

"ह्या गावात उभी असल्याली निम्मी घरं आमच्या घरान्याची," ते म्हणाले.

"आणि उरलेली निम्मी?" यांनी खवचटपणे विचारलं.

"ती पडली!" मेस्त्री म्हणाले आणि स्वतःच खदखदून हसले.

यांनी मातीवर बोट ठेवून शंका काढली, की शेतात एवढी काळीभोर माती असताना ही पांढुरकी कुठून आणली? मेस्त्री म्हणाले, "काळ्या मातीचं घर बांदा की! उन्हाळ्यात भेगांतनं शेजारनीशी बोलायला बरं पडंल." ही माती गावातल्या जुन्या, पडलेल्या घरांची होती. इथं तिला पांढरी म्हणतात. एकदा भिंत होऊन शंभर पावसाळे सोसलेली माती पुन्हा भिंत व्हायला तयार असते, म्हणून तिला मान. ती भिजवायची, भुसा घालून तुडवायची आणि अनारशाच्या पिठासारखी मुरू द्यायची. मग हातभर उंचीचा एक थर चढवायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. इथं घाई करून चालत नाही.

संध्याकाळी जोत्यावर बसून वन्संनी भावाला खर्च समजावला. हे विचारत होते आणि त्या शाळेत शिकवावं तशा शांतपणे उत्तरं देत होत्या.

"बापू, मातीच्या घराला पैसा कुठं लागतो सांगू? मातीच्या खाली आणि मातीच्या वर. खाली दगडाचं जोतं, त्याला अडीचशे गेले. ते कमी केलं असतं तर पहिल्याच पावसात घर बसलं असतं. वर लाकूड. संस्थान विलीन झाल्यावर एका जुन्या पागेचं लाकूड लिलावात निघालं होतं. सागवान, आणि तेही जुनं, मुरलेलं. चारशेच्या आत मिळालं. त्यावर कौलं. शिवाय मेस्त्रींची आणि सुताराची मजुरी, ती रोख. ती माणसं त्यावरच पोट भरतात."

"आणि मधली माती? ती तुडवायला, उचलायला माणसं लागतातच की. त्यांची मजुरी?"

"ती पैऱ्यावर," वन्सं म्हणाल्या.

पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या. कोकणात, देशावर, सगळीकडे शेतकरी असं काही ना काही करतात, ते मला ऐकून ठाऊक होतं. हेही "अस्सं" म्हणाले. पण यांना ते कळलं नव्हतं, हे नंतर उघड झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैऱ्याची माणसं आली. पुढं तातोबा मगदूम, मोठा रुमाल बांधलेला धिप्पाड शेतकरी, आणि त्याची बायको गंगव्वा. मागं त्यांच्या वस्तीवरचे बायकापुरुष. तातोबानं बैल आणले होते, ते चिखलाच्या खड्ड्यात गोल फिरायला लागले आणि त्यांच्या मागून माणसं तुडवायला उतरली. मग बायकांची रांग लागली. घमेली या हातातून त्या हातात भराभर सरकायला लागली. मेस्त्री वरून ओरडत होते, गंगव्वा खालून ओरडत होती आणि कोण कुणाला हुकूम सोडतंय हे कळायला मार्ग नव्हता. मी पदर खोचून रांगेत शिरले. गंगव्वानं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "बर्री, बर्री!" म्हणाली. म्हणजे या, या. सीमेजवळचा मुलूख, त्यामुळे बोलण्यात कानडी सहज येतं. दुपारपर्यंत माझ्या खांद्यांची वाट लागली, पण आमच्या पुण्यातल्या हळदीकुंकवांत मी कधी एवढी हसले नव्हते.

मगदूम मंडळी जैन. त्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत. वन्सं भाड्याच्या खोलीत दोन चुली पेटवून बसल्या होत्या. शाळूच्या भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, आमटी आणि दही. त्या वांग्यांविषयी मी पुण्यातही पुष्कळ ऐकलं होतं आणि नेहमी वाटायचं, वांग्यात काय एवढं? ते मी परत घेते. माणसं जेवली तीही तशीच, मन लावून. मातीच्या घराला लागणारा सगळ्यांत मोठा खर्च दगडाचा नव्हे आणि लाकडाचाही नव्हे, जेवणाचा, हे मला तिथं बसून कळलं.

जेवणं आटोपली, वन्सं भांडी घेऊन खोलीकडे गेल्या. तेवढ्यात हे जोत्यावर चढले. यांनी सकाळीच बाजारात नोटा मोडून नाणी आणून ठेवली होती. माझ्या नवऱ्याला उधारी अगदी सहन होत नाही. वाण्याचे पैसे महिनाअखेरीऐवजी आदल्या दिवशी देणारा माणूस. यांनी सगळ्यांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर सव्वा रुपया ठेवला. "माझ्या बहिणीकडे फुकट राबवून घेणं आम्हांला शोभत नाही," असं छोटंसं भाषणही केलं. माणसांनी तातोबाकडे पाहिलं. तातोबानं हातातल्या नाण्यांकडे पाहिलं. मग सगळे काही न बोलता निघून गेले. त्या मुलखात कुणीच काही बोललं नाही, यातच आम्ही समजायला हवं होतं.

थर वाळला. पुढच्या थराची माती मुरून तयार झाली. ठरलेल्या सकाळी आम्ही जागेवर गेलो तर एकटे रसूल मेस्त्री भिंतीवर बसून विडी ओढत होते.

"माणसं?" वन्संनी विचारलं.

"आज न्हाईत. आनि येनार बी न्हाईत."

"का?"

मेस्त्रींनी विडी विझवली आणि यांच्याकडे हनुवटी केली. "पावण्यांस्नी इचारा."

यांनी अभिमानानं सांगितलं. सगळं सांगून होईपर्यंत वन्सं जोत्याच्या दगडावर खाली बसल्या होत्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बापू, तू माझी भिंत पाडलीस."

"पैसे दिले तर भिंत पडते?"

"चल मळ्यावर. तिथं कळेल."

तातोबाचा मळा

वाटभर वन्सं भराभर पुढं चालत होत्या. पाडवा पंधरवड्यावर आला होता. छातीइतक्या भिंती, वर आकाश, आणि खोल्या सोडायच्या. मी मनात सारखा तो झाडलेला कोपरा पाहत होते.

मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. वास अर्ध्या कोसावरून येतो. तातोबा रस उकळायच्या मोठ्या काहिलीजवळ उभा होता. आम्हांला पाहून त्यानं पाठ फिरवली नाही, एवढं नशीब.

"तातोबा, माझ्या भावाचं चुकलं," वन्सं म्हणाल्या.

"चुकलं कुटं? सायबांनी हिशेब चुकता केला!" तातोबा एवढ्यानं ओरडला की चरकाचे बैल थबकले. "पावणं, तुमाला ठावं हाय काय, ह्या मास्तरीणबाई दोन वरसं सुट्टी पडली की आमच्या रानात असत्यात? भांगलण केली, शेंगा तोडल्या, उसाचा पाला काढला. हात कापून घेतलं. गंगव्वा म्हनायची, बाई, ऱ्हाऊ द्या, तुमी शिकल्याली मानसं. तर म्हनायच्या, माज्याकडं बैल न्हाईत, रान न्हाई, मला घर बांदायचं हाय, तर मी पैरा आधी फेडून ठेवती. अख्खी वस्ती बगत हुती. एकाच्या बी रानातनं त्यांनी कवा पैसा घेतला न्हाई. आनि तुमी आलासा, सव्वा रुपाया ठेवलासा, आनि सगळं मिटवून टाकलंसा! आमी काय रोजगारी हाय व्हय?"

हे वन्संकडे पाहत राहिले. आमच्या घरातली बाई उन्हात भांगलते, म्हणजे खुरप्यानं तण काढते, हे ऐकून यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. यांचा चेहरा मात्र वेगळाच झाला. मला तो खरखरीत तळवा आठवला. ज्या घराची आम्ही कोल्हापुरात पाच हजार किंमत काढून घेतली, त्याची निम्मी किंमत या बाईनं गेल्या दोन वर्षांत, खुरप्यानं, देऊन ठेवली होती. आणि आम्ही रिकामी ट्रंक घेऊन तिला न्यायला आलो होतो!

पुण्यात आम्ही हिशेब चोख ठेवतो. घेतलं की दिलं, कुणाचं काही अंगावर नको. त्याचा आम्हांला केवढा तोरा! इथं हिशेब मिटला तर येण्याजाण्याचं कारणच संपतं. थोडं तुमचं माझ्याकडे, थोडं माझं तुमच्याकडे, यावर अख्खी वस्ती उभी असते. हे मी यांना पुढं नीट समजावलं, पण त्या क्षणी समजावत बसले असते तर पाडवा उजाडला असता. मी सरळ पुढं झाले.

"तातोबा, गुऱ्हाळाला माणसं पुरताहेत का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर गंगव्वानं दिलं. "कुटं पुरत्यात? जाळ घालनारा कालच्यानं तापानं पडलाय."

"मग हे घालतील."

"मी?" हे म्हणाले.

"तुम्हीच," मी म्हणाले. "फेडायचा ना पैरा?"

तातोबा हसला नाही, पण मिशी हलली. त्यानं कमरेची गाठ सोडून एका फडक्यात बांधलेली सगळ्यांची नाणी यांच्या हातावर ठेवली. "हे आधी खिशात घाला. पैसं बगितलं की आमचा गुळव्या बिघडतोय."

आणि आमच्या घरातला हा कचेरीतला माणूस, धोतराचा काचा मारून, काहिलीखालच्या चुलवणाच्या तोंडाशी बसला. रस काढून वाळलेली उसाची चिपाडं आत सारत राहायचं, जाळ कमी पडता कामा नये, जास्तही होता कामा नये. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, हा त्या राज्यातला राजा. तो काहिलीवरून ओरडे, "जाळ!" आणि हे चिपाडं सारत. "बास! गूळ जाळतासा काय?" आणि हे हात आखडत. पहिल्या तासात भुवया होरपळल्या. दुसऱ्या तासात धोतराला ठिणगी लागली आणि गंगव्वानं उसाच्या रसाचा तांब्या यांच्यावर ओतून ती विझवली. त्यामुळे दिवसभर यांच्यामागं मुंगळे. मी आणि वन्सं ऊस आणून टाकत होतो. उन्हं उतरायच्या सुमाराला काहिलीतला पाक सोनेरी झाला, तो निवायला मोठ्या पसरट वाफ्यात ओतला गेला आणि गुळव्यानं सगळ्यांत आधी यांच्या हातावर कोमट गुळाचा गोळा ठेवला.

"सायेब, जाळ बरा घातलासा," तो म्हणाला.

यांना कचेरीत दोन बढत्या मिळालेल्या आहेत. दोन्ही वेळी पेढे वाटताना यांचा चेहरा मी पाहिला आहे. एवढा फुललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही हे आपणहून गेले. मी जायला सांगितलं नव्हतं.

आढं

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जागेवर जायच्या आधीच बैल खड्ड्यात फिरत होते. आधीपेक्षा जास्त माणसं होती, कारण पुण्याच्या सायबाच्या धोतराची गोष्ट शेजारच्या वस्तीवरही पोचली होती आणि सायेब बघायला म्हणून आलेली माणसं आल्यासरशी कामाला लागली. हे खड्ड्यात उतरले. गुडघाभर चिखलात यांचा तोल जाऊन हे बसले, तेव्हा मेस्त्री वरून ओरडले, "पावणं, थर भितीला घालायचा असतोय, अंगाला न्हवं!" सगळ्यात मोठ्यानं वन्सं हसल्या.

एका थरावर दुसरा थर चढत गेला. चैत्राच्या तोंडावरचं ऊन, त्यामुळे भिंती लवकर वाळत होत्या. खिडक्यांच्या चौकटी बसल्या. सुतारानं पागेच्या लाकडाचे वासे केले. एका खांबाला घोडे बांधायची लोखंडी कडी अजून होती. ती काढू नका, असं वन्संनी सांगितलं. "तुझ्या नवऱ्याला बांधायला उपयोगी पडेल," असं त्या मला म्हणाल्या. माझ्या वन्सं थट्टा करतात, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं.

आढं चढवायच्या दिवशी सगळी वस्ती जमली. आढं म्हणजे छपराच्या मधोमध आडवं जाणारं मोठं लाकूड. ते बसलं की घर झालं. त्याला हिरवा खण बांधायचा, हळदकुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. मेस्त्रींनी ताट तयार ठेवलं होतं. यांच्या हातात नारळ आला आणि गंगव्वानं मला पुढं ढकललं. जोडप्यानं करायचं असतं, ही रीत आमच्याकडचीही. वन्सं आपणहून चार पावलं मागं जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या प्रत्येक मंगलकार्यात अशाच मागं जाऊन उभ्या राहतात आणि आम्ही कुणी कधी मागं वळून पाहत नाही.

यांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग विचारलं, "मेस्त्री, हा कुणी फोडायचा असतो?"

"घराच्या मालकानं," मेस्त्री म्हणाले.

"मग मला कशाला देता?" असं म्हणून हे सरळ मागं गेले आणि नारळ वन्संच्या हातात दिला. "अक्का, लवकर फोड. माणसं ताटकळलीत."

वन्संनी नारळ घेतला. त्यांनी एकदा गंगव्वाकडे पाहिलं. गंगव्वा कमरेवर हात ठेवून ओरडली, "बगतासा काय? घर तुमचं, नारळ तुमचा! आमी काय खोबरं आनायचं व्हय आमच्या घरनं?" मग वन्संनी नारळ जोत्याच्या दगडावर असा आपटला की त्याचे दोन नव्हे, चार तुकडे झाले. खुरपं धरलेले हात ते. खण मी बांधला, हळदकुंकू वन्संनी लावलं. माणसांनी "होऽऽ" करून आढं उचललं आणि ते जाऊन भिंतींवर बसलं. मी उघड उघड रडले. यांनी डोळ्यांत माती गेल्याचं सांगितलं आणि मी ते खरं मानलं.

पाडव्याला गुढी वन्संच्या स्वतःच्या दाराशी उभी राहिली. आत जमीन सारवलेली, अजून किंचित ओली. बाहेर उन्हाचा कडाका आणि घरात पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटावं. वन्संनी तोंडानंच हिशेब सांगितला. दगड, लाकूड, कौलं, मेस्त्री, सुतार आणि जेवणं धरून सगळं तेराशेच्या घरात गेलं. उरलेल्या पैशातून त्यांनी दाराला पितळी कडी बसवली होती. यांनी ती दोनतीनदा वाजवून पाहिली.

"पाच हजारांच्या घराला हिच्यापेक्षा चांगली लागली असती काय?" वन्संनी विचारलं.

"लागली असती," मेस्त्री मधेच म्हणाले, "पन वाजवायला मानसं आली नसती!"

आणि पुन्हा स्वतःच हसले.

परत

निघताना तातोबानं गुळाची ढेप आणून दिली. पैसे विचारायचं यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं आणि यांनी ते गिळलेलंही पाहिलं. "आता हे आमच्या अंगावर राहिलं, तातोबा," हे म्हणाले. "व्हय की," तातोबा म्हणाला. "म्हनूनच दिलंय. दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागतंय. जाळ घालायला या." ढेप मोठी होती. ती ठेवायला आमच्याकडे नेमकी एक रिकामी ट्रंक होती.

वन्सं नावेपर्यंत पोचवायला आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. त्या आपल्या दारात उभ्या राहिल्या, पाहुण्यांना निरोप देतात तशा. आमच्या हातावर दही घातलं आणि "येताना पत्र टाका, ऐनवेळी आलात तर वांगी मिळायची नाहीत," असं बजावलं.

पुण्याला टांग्यातून उतरलो तेव्हा शेजारच्या काकू ओट्यावरच होत्या. ट्रंक जड, ती दोघांनी मिळून खाली घेतली. काकूंनी आधी ट्रंकेकडे पाहिलं, मग टांग्यात वाकून पाहिलं, मग यांच्या होरपळलेल्या भुवयांकडे.

"अहो, बहिणीला आणायला गेला होतात ना? अक्का कुठायत?"

यांनी ट्रंक ओट्यावर ठेवली, घाम पुसला आणि कोल्हापुरी आवाजात, पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्का? तिच्या घरी!"